आभाळातले सालगडी

“बाई, तुमच्या कॅलेंडरात आज चंद्रोदय किती वाजता दिलाय हो?”

संकष्टीच्या संध्याकाळी भिंतीपलीकडून हा प्रश्न आला नाही तर मला चुकल्यासारखं होतं. आमच्या आणि मावशींच्या अंगणात छातीएवढी भिंत आहे. तिच्यावर कधी कुरडया वाळतात, कधी सांडगे, आणि बारा महिने आम्हा दोघींची कोपरं. मावशी मूळच्या जिंतूर तालुक्यातल्या, शेती अजून तिकडंच. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाले, म्हणून गल्लीभर ‘बाई’. समोरच्या वहिनींचे मालक कृषी विद्यापीठात, त्यामुळं पावसाचा अंदाज आधी त्यांच्या घरातून फुटतो. परभणीत वसमत रस्त्याच्या अंगाला राहणाऱ्या माणसाला याहून जास्त काय लागतं?

“कॅलेंडरातली वेळ मुंबईची आहे,” मी म्हटलं. “आपल्याकडं त्याच्या पंधरा-सोळा मिनिटं आधी दिसेल.”

“तेच तं! मागच्या संकष्टीला डोंबिवलीहून लेकीचा फोन आल्ता. म्हणायली, आई, तू कामून जेवायला बसलीस, चंद्र निघायला अजून पाव तास हाय. आता मला सांगा, मुंबईला चंद्र येगळा आन परभणीला येगळा?”

चंद्र एकच, पण परभणी मुंबईच्या पूर्वेला जवळजवळ चार अंश आहे आणि पृथ्वीला एक अंश वळायला चार मिनिटं लागतात. चार चोक सोळा. आपण आधी वळून पूर्वेला तोंड करतो, डोंबिवली मागून येते. हिशेब ऐकून मावशी खूश झाल्या. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ हे आयुष्यभर ऐकून घेतलेल्या माणसाला मुंबईच्या आधी उपास सोडायला मिळणं ही काही लहान गोष्ट नाही.

तेवढ्यात गच्चीवरून मावशींचा नातू ओरडला, “आज्जी, पळ! चंद्राच्या आधी ते बघ काय निघालंय!”

पश्चिमेकडून एक ठळक ठिपका वर चढत होता. लुकलुक नाही, आवाज नाही, लाल-हिरवा दिवा नाही. देवीच्या देवळावरून सरळ डोक्याकडं आला आणि ईशान्येला उतरता उतरता मध्येच विझला. ढग नव्हता, झाड आड नव्हतं. नुसता विझला.

“काय होतं बाई ते?”

“अंतराळ स्थानक. सुनीता विल्यम्स नऊ महिने जिथं राहिली ते. आपला शुभांशू शुक्लाही २०२५ च्या जूनमध्ये तिथंच गेला होता.”

“आगं माय! त्या सुनीताबाईचं घर परभणीवरून जातं आन मला कुणी सांगितलं नाही?”

जातं, आणि फार लांबूनही नाही. आपल्यापासून मुंबई सरळ रेषेत जेवढी लांब, साधारण तेवढंच, म्हणजे ४०० किलोमीटर, ते वर आहे. दीड तासात पृथ्वीला एक फेरी. सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर वेग. परभणीच्या डोक्यावरून गंगाखेडच्या डोक्यावर जायला त्याला पाच सेकंद पुरतात. त्याला स्वतःचा उजेड नाही. आपल्या अंगणात तिन्हीसांज झालेली असते तेव्हा तिथं उंचावर अजून ऊन असतं, ते त्याच्या पत्र्यांवर चमकतं. पुढं ते पृथ्वीच्या सावलीत शिरलं की दिसेनासं होतं.

“म्हणजे ग्रहणच की,” मावशी म्हणाल्या.

मी शाळेत इतकी वर्षं घालवली, पण हे एवढ्या चटकन कुठल्या वर्गानं म्हटलेलं आठवत नाही. बरोबर आहे, ग्रहणच ते. चंद्र पृथ्वीच्या सावलीत वर्षातून एखाद-दोनदा शिरतो, हे बुवा जवळजवळ दर फेरीला शिरतात. दिवसाला पंधरा-सोळा फेऱ्या.

“मंग सूतक पाळायचं म्हणलं तर?”

“तर मावशी, तुम्ही न्हाणीघरातच राहायला जा.”

वहिनी इतका वेळ समोरच्या दारात मोबाइल घेऊन उभ्या होत्या, त्या हसत हसत रस्ता ओलांडून आल्या. आता भिंत भरली.

“पण बाई,” वहिनींनी नेमका मुद्दा काढला, “चंद्र पूर्वेला उगवतो. हे पश्चिमेकडून कसं आलं? उलटं फिरतं का?”

दोघांतलं उलटं कुणीच फिरत नाही. चंद्रही पश्चिमेकडून पूर्वेकडंच जातो, पण त्याला एका फेरीला २७ दिवसांच्या वर लागतात. पृथ्वी रोज एक गिरकी घेऊन त्याला मागं टाकते, म्हणून आपल्याला तो पूर्वेला उगवताना दिसतो. तो पुढं सरकतो याचा पुरावा आपल्या डोळ्यांसमोरच असतो: आज ज्या वेळी निघाला, उद्या त्याहून सरासरी पन्नास मिनिटं उशिरा. अंतराळ स्थानक पृथ्वीच्या गिरकीपेक्षा कितीतरी जोरात पळतं. तेच आपल्याला मागं टाकतं, म्हणून पश्चिमेला निघून पूर्वेला मावळतं.

“आन पृथ्वीच्या येवढ्याच जोरानं कुणी फिरलं तर?” नातवानं गच्चीच्या कठड्यावरून विचारलं. पोरगं आठवीत आहे, प्रश्न बरे विचारतं.

“तुझ्या मागं बघ, तुमची डिश कुठं तोंड करून उभी आहे?”

त्यानं बघितलं, मग आजूबाजूच्या गच्च्या बघितल्या. कुणाची डिश पाण्याच्या टाकीला खेटून, कुणाची जिन्याच्या खोलीवर, एकीच्या दांड्याला तर कपडे वाळत घातलेले. पण सगळ्या थाळ्यांची तोंडं थोड्याफार फरकानं आग्नेयेला. नमाजाला किंवा आरतीला उभी राहिलेली माणसंही इतकी शिस्तीत नसतात. तिकडं विषुववृत्ताच्या वर, जमिनीपासून जवळजवळ ३६ हजार किलोमीटरवर, दूरचित्रवाणीचे उपग्रह आहेत. त्या उंचीवर एक फेरी पुरी व्हायला बरोबर तेवढाच वेळ लागतो जेवढा पृथ्वीला एका गिरकीला. त्यामुळं ते ना उगवतात ना मावळतात. डिश लावणारा पोरगा एकदा कोन जमवून, नट आवळून, पैसे घेऊन गेला की पुन्हा यायची गरज नाही. चंद्रावरून मालिका बघायच्या असत्या तर डिश रात्रभर फिरवत बसायला गच्चीवर माणूस ठेवावा लागला असता, आणि अर्धा दिवस टीव्ही बंद.

“तो बंद तसाही पडतो कधीमधी,” वहिनी म्हणाल्या. “मार्चमध्ये चार-सहा दिवस सकाळी अकराच्या आसपास ठरलेल्या वेळेला चित्र फुटायचं. हे म्हणाले वायर खराब.”

वायरचा काही दोष नव्हता. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात आणि पुन्हा ऑक्टोबरच्या सुरुवातीला सूर्य आपल्या दृष्टीनं बरोबर त्या उपग्रहाच्या मागून जातो. थाळी उपग्रहाकडं बघते, तर मागं सूर्य. त्याच्या लहरींच्या गोंगाटात उपग्रहाचा बारीक आवाज बुडतो. दहा-पंधरा मिनिटांत सूर्य पुढं सरकतो आणि चित्र परत येतं. वहिनींच्या मालकांनी वायर बदलून घेतली होती म्हणे. ते विद्यापीठात आहेत, पण कीटकशास्त्रात.

मावशींना टीव्ही म्हटलं की ‘रामायण’ आठवतं. १९८७ सालची गोष्ट. रविवारी सकाळी गावातल्या एकुलत्या एका टीव्हीसमोर अख्खी आळी, टीव्हीला हार, उदबत्ती. तेव्हा डिश नव्हती, बांबूला बांधलेला अँटेना होता आणि वारं आलं की कुणीतरी माळवदावर चढून “आलं का? आलं का?” ओरडायचं. त्या अँटेनाला चित्र जवळच्या मनोऱ्याकडून मिळायचं, पण मनोऱ्याला दिल्लीहून कोण पुरवायचं? इन्सॅट-१बी. १९८३ च्या ऑगस्टमध्ये वर गेलेला. त्याच्या आधीचा १ए वर्षाच्या आतच निकामी झाला होता. म्हणजे देवळातल्या रामापाशी पोचायला पायऱ्या चढाव्या लागतात, आणि हा राम ३६ हजार किलोमीटर वर जाऊन परत खाली मावशींच्या जिंतुरात उतरत होता. हे मी मावशींना सांगितलं तेव्हा त्यांनी हात जोडले. कुणाला जोडले ते मी विचारलं नाही.

“ते ढगांचं चित्र पाठवणारंही तेच का?” वहिनींनी मोबाइल पुढं केला. त्यावर विद्यापीठाचा हवामान सल्ला होता. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, तो निघतो: पुढच्या पाच दिवसांत पाऊस किती, वारं किती, सोयाबीनवर फवारणी करायची की थांबायचं, कापसाचं काय करायचं. १९७२ साली विद्यापीठ निघालं तेव्हा असा सल्ला शेतकऱ्याच्या हातात पडायला आठवडा गेला असता आणि तोवर पाऊसही येऊन गेला असता.

ढगांची चित्रं काढणारे वेगळे, पण उभे तिथंच. इन्सॅट-३डीआर २०१६ चा आणि इन्सॅट-३डीएस फेब्रुवारी २०२४ मधला. दर अर्ध्या तासाला चित्र पाठवतात, रात्रीसुद्धा. रात्री उजेड नसतो तर दिसतं कसं, हे मला फार आवडतं म्हणून सांगते. रात्री ते उजेड बघतच नाहीत, उष्णता बघतात. ढगाचा माथा जितका उंच तितका तो थंड; चित्रात जिथं सगळ्यात थंड डाग, तिथं ढग सगळ्यात उंच चढलाय आणि तिथंच गडगडाटाची तयारी. येलदरीच्या धरणावर मध्यरात्री ढग जमला तर पुण्या-दिल्लीतल्या वेधशाळेतल्या माणसाला तो झोपलेल्या जिंतूरकराच्या आधी दिसतो.

“दिसला तरी पाडता येतो का?” मावशी. “ते छत्रपती संभाजीनगरहून विमान उडवून कृत्रिम पाऊस पाडणार होते, २०१५ ला का १९ ला. आमच्या वावरावर तं एक थेंब नाही. तेव्हापासनं कृत्रिम म्हणलं की माझा इश्वासच बसत नाही.”

दोन्ही साली ते प्रयोग झाले होते. मी गप्प बसले. पावसाच्या बाबतीत मावशींशी वाद घालणारा माणूस मराठवाड्यात जन्माला यायचा आहे.

नातू मात्र तिथंच अडकला होता. “बाई, ते वर नुसतंच उभं ऱ्हातंय, इंजीन चालू नाही, मंग पडत कसं नाही?”

पडतंय की. गच्चीवरून दगड सोडला तर सरळ खाली. आडवा फेकला तर थोडा पुढं जाऊन खाली. आणखी जोरात, आणखी पुढं. सेकंदाला आठेक किलोमीटरच्या वेगानं फेकता आला, आणि मध्ये हवा नसली, तर दगड जितका खाली येईल तितकीच गोल पृथ्वीही त्याच्याखालून वळत जाईल, आणि जमीन काही त्याच्या हाती लागायची नाही. न्यूटननं हाच विचार चंद्राला लावला. चंद्रही दर सेकंदाला आपल्याकडं पडतो. किती, तर जवळजवळ १.४ मिलिमीटर. तेवढ्याच सेकंदात तो एक किलोमीटर आडवा सरकतो, म्हणून पोचत नाही. साडेचार अब्ज वर्षं पडतोच आहे.

“आता गं बाई! चंद्र पडायलाय?”

“पडतोय आणि वर लांबही चाललाय. वर्षाला पावणेचार-चार सेंटिमीटर.”

ही आकडेवारी कुणी पट्टी लावून काढली असं मावशींना वाटलं. तसंच आहे. १९६९ साली अपोलो ११ वाल्यांनी चंद्रावर आरसे ठेवले. त्यांच्यावर इथून लेसरचा झोत मारायचा, परत यायला लागणारा वेळ मोजायचा. अडीच सेकंदांच्या आसपास लागतो, पण त्यातला सूक्ष्म फरकही पकडता येतो.

थोडक्यात काय, तर खेच आणि वेग यांच्या हिशेबात आभाळ भेदभाव करत नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या पोरांनी केलेला ‘स्वयम्’ नावाचा एक किलोचा डबा २२ जून २०१६ ला वर गेला, तोही ह्याच नियमानं फिरू लागला आणि साडेतीन हजार किलोमीटर रुंदीचा चंद्रही ह्याच नियमानं फिरतो. जवळचा जोरात, लांबचा हळू. चारशे किलोमीटरवर दीड तास, ३६ हजारांवर एक दिवस, पावणेचार-चार लाखांवर २७ दिवस. तिथं कुणी विचारत नाही की तू आपोआप झालास की तुला फॅक्टरीत जोडलं.

“मंग फरक काय?” मावशींनी रोखठोक विचारलं.

फरक मावशींच्या दारातच होता. पाडवा जवळ आला होता आणि त्यांच्या घरी नव्या सालगड्याची बोलणी चालू होती. मी म्हटलं, मावशी, चंद्र म्हणजे तुमची भावकी. त्याला कुणी ठेवलेला नाही, त्याला काढून टाकता येत नाही, आणि त्याला काम सांगितलेलं नाही. भरती-ओहोटी करतो, उजेड देतो, ते त्याच्या असण्यानं होतं. हे बाकीचे सालगडी. ज्यानं ठेवला त्याची एक जमीन, एक काम, एक मुदत. एकाला ढग बघायला ठेवलंय, एकाला मालिका पोचवायला, एकाला रस्ता दाखवायला. खर्चपाणी मालकाचं, आणि साल भरलं की हिशेब.

सालगडी म्हटल्यावर मावशी एकदम हुशार झाल्या. ह्या विषयात त्या बाई आणि मी विद्यार्थिनी. “म्हातारा झाल्यावर काय करतात त्याचं?”

इथं खरी भानगड आहे. वरच्या उपग्रहांना जागेवर राहायला अधूनमधून इंधनाचा हलका फवारा मारावा लागतो, कारण चंद्र आणि सूर्य त्यांना ओढून ओढून जागचे हलवतात. इंधन संपत आलं की शहाणा मालक शेवटच्या घोटावर त्याला दोन-तीनशे किलोमीटर आणखी वर ढकलतो आणि कायमचं बंद करतो, म्हणजे नव्याला जागा मोकळी. खालच्या कक्षेतल्यांचं उलट. तिथं विरळ का होईना हवा असते, ती घासून घासून त्यांना खाली आणते. इस्रोनं मेघा-ट्रॉपिक्स नावाचा आपला एक पावसाळी उपग्रह ७ मार्च २०२३ ला मुद्दाम, ठरवून, प्रशांत महासागरावर आणून जाळला. असं सगळ्यांनी केलं असतं तर प्रश्न नव्हता.

“मंग त्या पाडव्याला जे दिसलं ते?” वहिनी म्हणाल्या, आणि तिघींच्याही अंगावर काटा आला.

२ एप्रिल २०२२. गुढीपाडवा, शनिवार. गुढ्या उतरवून झाल्या होत्या, पुरणपोळीची सुस्ती उतरायची होती. पावणेआठच्या सुमारास आभाळातून आगीचे गोळे एकामागं एक, ओळीनं, सावकाश निघाले. सावकाश हा शब्द महत्त्वाचा. उल्का एक-दोन सेकंदांत संपते, ‘बघ बघ’ म्हणेपर्यंत गेलेली असते. हे इतकं हळू चाललं होतं की वहिनींनी घरात जाऊन सासऱ्यांना हाताला धरून बाहेर आणलं तरी दिसतच होतं. राज्याच्या बऱ्याच भागातून लोकांनी ते पाहिलं, व्हिडिओ काढले. गल्लीत कुणी म्हणालं विमान पेटलं, कुणी म्हणालं युद्ध सुरू झालं. युक्रेनचं नुकतंच सुरू झालं होतं. मावशींनी देवासमोर दिवा लावला. नव्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी असं म्हणजे काय समजायचं?

त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात आठ-दहा फुटांचं धातूचं कडं मोकळ्या जागेत येऊन पडलं. जवळच पवनपारला धातूचा गोळा सापडला. अभ्यासकांनी मार्ग जुळवून पाहिला तेव्हा ते चिनी रॉकेटचं, लाँग मार्च ३बीचं, निघालं. फेब्रुवारी २०२१ मध्ये ते वर गेलं होतं. आपला उपग्रह पोचवला, काम संपलं, आणि मग त्याचा वरचा टप्पा रिकामाच पृथ्वीभोवती वर्षभर घिरट्या घालत राहिला. कुणी परत बोलावलं नाही, कुणी खाली उतरवलं नाही.

मावशींनी हिशेब क्षणात केला. “साल भरलं म्हणून बरोबर पाडव्याला उतरला की!”

मी चाळीस वर्षांत जे उदाहरण शोधून काढलं नसतं ते बाईनं भिंतीला टेकल्या टेकल्या दिलं.

“पण मालकानं सोडून दिलेला गडी दुसऱ्याच्या वावरात जाऊन पडला तर भरपाई कुणाकडं मागायची?” वहिनी.

त्याचाही करार आहे, १९७२ चा. ज्या देशानं वर सोडलं त्यानं जमिनीवरच्या नुकसानीची भरपाई द्यायची, चूक असो नसो. १९७८ साली रशियाचा कॉसमॉस ९५४ कॅनडाच्या बर्फात पडला, पोटात अणुभट्टी होती. पुढं भांडून-तंडून तीस लाख कॅनडियन डॉलरवर मिटलं. लाडबोरीत कुणाला लागलं नाही हे नशीब. आणि निसर्गानं टाकलेल्याची भरपाई कुठंच नाही. जिंतूरहून लोणार काही फार लांब नाही; तिथं अशनी पडून पावणेदोन किलोमीटरच्या वर रुंदीचा खड्डा झाला, आणि कुणाकडं बोट दाखवणार?

मावशी आत गेल्या त्या हळदी-कुंकवाच्या जुन्या डब्यातून दोन रुपयांची नोट घेऊन आल्या. घडीवर मऊ झालेली, कडेला हळदीचा डाग. सासूबाईंनी पहिल्या दिवाळीला ओवाळणी दिलेली, म्हणून मोडली नाही. मागच्या बाजूला कडाकडांचा एक गोळा आणि त्याला चार काड्या. “हेबी त्यातलंच का?”

आर्यभट. आपला पहिला. १९ एप्रिल १९७५ ला रशियन रॉकेटवरून गेला, वजन ३६० किलो. मी शाळेत असताना बाईंनी फळ्यावर काढून दाखवला होता. चार-पाच दिवसांतच वरच्या प्रयोगांचा वीजपुरवठा गेला, आणि तो खाली यायला उजाडलं १९९२.

“पाच दिवस काम आन सतरा वर्षं नुसतं फिरणं,” मावशी म्हणाल्या. “आसे आमच्या गावात चौकात बसलेले दाखवू का?”

पण मला हे पटत नाही, आणि मी ते भिंतीवर सांगूनही टाकलं. उपग्रह बांधता येतो, वर ठेवता येतो, त्याच्याशी बोलता येतं, हे त्या पाच दिवसांत इथल्या माणसांना कळलं. आठ वर्षांनी रामायणवाला इन्सॅट त्याच जोरावर उभा राहिला. तो अमेरिकेत बांधून घेतला होता हे खरं, पण त्याला राबवून घेणारी माणसं इथली होती.

साडेआठ होऊन गेले. पूर्वेला अजून काळोख. अशा वेळी गप्पा ग्रहांवर घसरतातच, कारण मावशींच्या धाकट्या जावयाला साडेसाती आहे.

“शनीला किती चंद्र आसतील हो?”

“निदान दोनशे चौऱ्याहत्तर. २०२५ च्या मार्चमध्ये एकदम १२८ नवे जाहीर झाले.”

मावशींनी भिंतीवरचं कोपर काढलं. “दोनशे चौऱ्याहत्तर! आन आपल्याला एकच? म्हणूनच सुटता सुटत नाही मेला. आन शुक्राला?”

“एकही नाही. बुधालाही नाही. मंगळाला दोन.”

शुक्राला एकही नसावा हे वहिनींना जरा लागलं. मग मी सांगितलं की आपल्याकडंही मध्येच एक पाहुणा येऊन गेला. जेमतेम दहा मीटरचा दगड, २०२४ पीटी५ असं रूक्ष नाव, ‘अर्जुन’ नावाच्या लघुग्रहांच्या कुळातला. २९ सप्टेंबर २०२४ ला पृथ्वीच्या ओढीत सापडला, एक फेरीही पुरी केली नाही आणि २५ नोव्हेंबरला सूर्याकडं निघून गेला. शास्त्रज्ञांतही त्याला चंद्र म्हणायचं की नाही यावर एकमत नव्हतं.

“म्हणजे पितृपक्षात आला आन दिवाळी करून गेला,” मावशी म्हणाल्या. “आसे पाहुणे मला नवे नाहीत.”

“मावशी, एक आणखी गंमत. आपल्या चंद्रालाही एक उपग्रह आहे.”

“चंद्राला?”

आहे. चंद्रयान-२, २२ जुलै २०१९ ला गेलेलं. त्याचं उतरणारं यान चंद्रावर आदळलं म्हणून सगळ्यांना ते फसलं एवढंच आठवतं. पण वरचा भाग, तो फिरणारा, शंभर किलोमीटरवरून चंद्राभोवती घिरट्या घालत राहिला. २०२३ च्या २३ ऑगस्टला चंद्रयान-३ उतरलं तेव्हा त्याचा फोटो ह्यानंच काढला. भावकीच्या दारात आपला गडी. ठरलं होतं एक वर्ष. पण रॉकेटनं इतकं नेमकं पोचवलं की इंधन वाचलं आणि मुदत सात वर्षांवर गेली.

पूर्वेला लिंबाच्या झाडामागं तांबूस कड दिसायला लागली होती. वहिनी ताटं करायला निघाल्या. मावशींच्या डोक्यात मात्र नव्या गड्याची बोलणी परत चालू झाली होती, कारण त्यांनी मला हळूच विचारलं:

“एका सालाचा करार आन सात सालं ऱ्हायला? उचल किती दिल्ती त्याला?”

“९७८ कोटी. त्यात रॉकेटही आलं.”

“मंग कुठं जाईल त्यो,” मावशी म्हणाल्या आणि निरांजन आणायला आत गेल्या.